माणसं वाढली, मग खोली रिकामी का? गोव्याच्या पर्यटनाचा हिशेब

हिशेबनीस

दर डिसेंबरात तोच वाद. एक गट म्हणतो गोवा ओस पडला, दुसरा कळंगुटच्या रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांचा फोटो टाकतो. दोघंही खरं बोलतात, घोळ तिथेच आहे.

सरकारी आकडे असे. २०१९ मध्ये देशी पर्यटक ७१.२७ लाख, विदेशी ९.३७ लाख. २०२४ मध्ये देशी ९९.४१ लाख, विदेशी ४.६८ लाख. एकूण माणसं २९ टक्क्यांनी वाढली, विदेशी निम्मे झाले.

आता डोकी सोडा, खोल्या मोजा. समजा विदेशी पाहुणा १० रात्री राहतो, एका खोलीत दोघं. देशी पाहुणा ३ रात्री राहतो, एका खोलीत तिघं, तिसऱ्याला जादा गादी. म्हणजे विदेशी माणसामागे ५ खोली-रात्री आणि देशी माणसामागे १. २०१९ ची बेरीज ७१.२७ + ४६.८५ = ११८.१२ लाख. २०२४ ची ९९.४१ + २३.४० = १२२.८१ लाख. वाढ जेमतेम ४ टक्के! विदेशी मुक्काम ८ रात्री धरलात तरी साडेआठ टक्क्यांच्या आसपासच येते. आणि एवढ्या काळात खोल्या, व्हिला, सर्व्हिस अपार्टमेंट किती वाढले ते आसगाव-शिवोलीच्या रस्त्याने एक चक्कर मारली की कळतं.

गृहीतकं माझी आहेत, हवी तशी बदला. धंद्यातल्या लोकांनी सांगावं: बाहेर कुठे युद्ध, बंद, निवडणूक झाली की इथे नेमका कुठला खिळा निखळतो? पक्षाचं राजकारण नको, परिणाम सांगा.

स्लॉट_आणि_सीट

चार्टरपुरतं, म्हणजे टूर कंपनी अख्खं भाड्याने घेते त्या विमानापुरतं सांगतो. लोकांना वाटतं युद्ध झालं की पर्यटक 'घाबरतो'. घाबरतो तो फार उशिरा. त्याआधी चार गोष्टी बंद पडतात: सीट, कार्ड, व्हिसा, विमा. यातली एक जरी गेली तरी तो घरी बसतो, कितीही धीट असला तरी.

२०२२ घ्या. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशियन कंपन्यांची बरीच विमानं परदेशी मालकांकडून भाड्याने घेतलेली. परदेशात उतरलं की जप्त होईल या भीतीने रशियाच्या विमान खात्याने ६ मार्चपासून बाहेरची उड्डाणं थांबवायला सांगितलं. ही गेली सीट. १० मार्चपासून रशियन बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डं देशाबाहेर चालेनाशी झाली. हे गेलं कार्ड. मोरजी-मांद्र्यात त्या वेळी असलेल्या रशियन पाहुण्याला घरी जायचा रस्ता नाही आणि बिल द्यायला साधन नाही. हंगाम संपायला महिना-दीड महिना बाकी.

२०१४ च्या अखेरीचा धक्का वेगळ्या जातीचा होता. तेव्हा विमानं चालू होती, रुबल कोसळला होता. तीच खोली, तोच डॉलरमधला करार, पण रशियन गिऱ्हाइकाला तेच पॅकेज घरच्या चलनात भलतंच महाग. अशा वेळी टूर ऑपरेटर आधी मुक्काम कमी करतो, मग हॉटेलचे तारे कमी करतो, शेवटी फेऱ्या कमी करतो. या क्रमाकडे लक्ष ठेवा. १४ रात्रींची मागणी १० वर आली की पुढच्या हंगामात फेरी जाणार हे समजावं.

फेरीचं गणितही समजून घ्या. चार्टर विमान दर आठवड्याला नवे पाहुणे आणतं आणि जुने नेतं. हंगामातल्या पहिल्या फेरीला परतताना विमान रिकामं, शेवटच्या फेरीला येताना रिकामं. या दोन रिकाम्या फेऱ्यांचा खर्च मधल्या सगळ्या फेऱ्यांवर वाटलेला असतो. हंगाम २४ आठवड्यांऐवजी १२ आठवड्यांचा झाला तर तोच खर्च निम्म्या फेऱ्यांवर पडतो आणि तिकीट महागतं. त्यामुळे चार्टर हळूहळू आटत नाही, एकदम बंद होतं. चार्टर सुरू झाल्यापासून गणित हेच आहे.

इंग्लंडचं प्रकरण तर युद्धाशिवाय बिघडलं. २३ सप्टेंबर २०१९ ला थॉमस कुक बुडाली, हंगाम तोंडावर असताना. तिथल्या प्रवाशाचे पैसे संरक्षण योजनेतून परत मिळाले. हॉटेलवाला मात्र विनातारण घेणेकरी, म्हणजे रांगेत सगळ्यात मागे. मग कोविड. त्यानंतर ब्रिटिशांसाठी ई-व्हिसा पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. तोपर्यंत कांदोळी आणि केळशीला वर्षानुवर्षं येणारी पेन्शनर जोडपी दुसरीकडे जायला लागली होती. सत्तरीतल्या माणसाची सवय एकदा मोडली की परत जुळत नाही.

फटकळ

म्हणजे गोरा आला की सोनं आणि आपला आला की कचरा, असंच ना? १९८७ मध्ये याच चार्टरविरुद्ध गोव्यातले लोक रस्त्यावर उतरले होते. आज त्याच चार्टरसाठी गळे काढताय.

माडाखाली

फटकळ, तसं कोणी म्हणालेलं नाही. पण मुद्दा घेते, कारण 'देशी पाहुण्यामुळे खर्च वाढतो' असं धंद्यात म्हणतात, ते अर्धवट आहे.

चादरी-टॉवेलचं उदाहरण सगळे देतात. एका डबल खोलीला एका बदलीत खालची चादर, रजईची खोळ, चार अभ्रे, दोन मोठे आणि दोन छोटे टॉवेल, एक पायपुसणं. झाले ११ नग. जादा गादी असली की अजून चारेक. १४ रात्री राहणाऱ्या चार्टरवाल्यालाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी चादर बदलून द्यावीच लागते. त्यामुळे धोब्याच्या बिलात लोक समजतात तेवढा फरक पडत नाही.

फरक पडतो तो रविवारी सकाळी. चेक-आउट ११ ला, चेक-इन २ ला. मध्ये १८० मिनिटं. एक खोली नीट करायला एका माणसाला ४० मिनिटं. वीस खोल्या एकाच दिवशी सुटल्या तर ८०० मिनिटांचं काम, म्हणजे पाच माणसं. सोमवार ते बुधवार त्याच हॉटेलला दीड माणूस पुरतो. पाच माणसं महिन्याच्या पगारावर ठेवली तर चार दिवस बसून राहतात. दोनच ठेवली तर शेवटचा पाहुणा पावणेसहापर्यंत रिसेप्शनवर पिशव्या घेऊन बसतो आणि मग एक तारा. चार्टरचीही बदली एका दिवशीच होते, पण तो दिवस सहा महिने आधी माहीत असतो. बांदा-सावंतवाडीहून रोजाने माणसं बोलवता येतात. शनिवार-रविवारची गर्दी किती ते शुक्रवारी संध्याकाळी कळतं.

शॅकचं, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या रेस्टॉरंटचं दुखणं याहून खोल आहे आणि ते पाहुण्याच्या वागण्यात नाही, परवान्यात आहे. शॅक हंगामी. सोडतीत नाव आलं की लाकूड, बांबू, झावळ्या, फ्रीज, आचारी, परवाना शुल्क हा सगळा पैसा पहिली प्लेट विकायच्या आधी जातो. ३१ मे पर्यंत सगळं उतरवायचं. देशी पाहुणा मात्र जून-जुलैतही येतो, पावसासाठीच येतो. त्या वेळी किनाऱ्यावर शॅकच नसते. तो पैसा आतल्या पक्क्या रेस्टॉरंटला आणि व्हिलाला जातो. पर्यटक बदलला, वर्षाचे महिने बदलले, परवाना तिथेच राहिला.

सनबेडचंही तसंच. विदेशी जोडपं सकाळी दहाला आडवं होतं आणि सूर्यास्तापर्यंत चार-पाच वेळा मागवतं. देशी कुटुंब चारनंतर येतं, दीड तासात सहाजणांचं जेवण एकदम मागतं. बिल दुसऱ्याचं मोठं असू शकतं! पण एकाच शेगडीवर साडेसातला बारा टेबलांची ऑर्डर आली की पहिल्याला पाऊण तास आणि शेवटच्याला दीड तास. उपाय: संध्याकाळचा मेनू वेगळा आणि छोटा ठेवायचा. तवा, तंदूर, कढई या तिन्हींवर पदार्थ वाटून. हुमण, सुकें, आमटी दुपारीच तयार. कालवं-खेकडे संध्याकाळी नकोतच, सोलण्यात वेळ जातो.

काळीपिवळी

टॅक्सीचं दोन ओळीत. चार्टरचा पाहुणा विमानतळावरून ऑपरेटरच्या बसने यायचा, पण पंधरा दिवसांत जुनं गोवं, दूधसागर, एखादा बाजार असे तीन-चार पूर्ण दिवस टॅक्सी घ्यायचा. देशी पाहुणा विमानतळ ते हॉटेल टॅक्सी घेतो आणि मग भाड्याची स्कूटर. मुंबई-पुणे-बेळगावचा तर घरून गाडी घेऊनच येतो. त्यामुळे भांडण विमानतळाच्या भाड्यावर येऊन अडलं आहे, तेवढंच उरलंय म्हणून. ॲपवरची टॅक्सी विरुद्ध विमानतळाचं काउंटर हा वाद त्यातूनच.

जानेवारी २०१८ मध्ये तीन दिवसांचा टॅक्सी बंद झाला, तोही ऐन हंगामात. सरकारने कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या बसगाड्या सोडल्या. बंदच्या तीन दिवसांचं उत्पन्न गेलं ते गेलं. कायमचं गेलं ते हे की बस आणि भाड्याच्या गाड्या हा पर्याय हॉटेलवाल्यांच्या डोक्यात पक्का बसला.

उत्तरेतला मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यावर अंतर बदललं. पेडणे, हरमल, मोरजी जवळ आलं. पाळोळे-काणकोणचा पाहुणा मोपाला उतरला तर अख्खा गोवा उभा पार करतो. दक्षिणेतल्या हॉटेलांनी खोलीच्या दराशेजारी गाडीचा खर्च छापावा. लपवला की भांडण त्यांच्याच दारात येतं.

स्लॉट_आणि_सीट

काळीपिवळीबाब, दाबोळीच्या जुन्या विमानतळावर आणखी एक. तो नौदलाचा आहे. लष्करी कामासाठी सकाळचे काही तास नागरी उड्डाणांना मिळत नाहीत, त्यामुळे चार्टरला हवा तो स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची वेळ मिळायची मारामार. मोपाला ती अडचण नाही. तरीही चार्टर परत आले नाहीत तेवढे, म्हणजे अडचण धावपट्टीची नव्हतीच.

चोर्ला_मार्गे

दूरच्या युद्धावर सगळे बोलतात, जवळच्या बंदवर कोणी नाही. गोव्यातल्या हॉटेलची भाजी बेळगावहून येते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरची स्वस्त भाजीसुद्धा बरीचशी तिथलीच. सीमाप्रश्न तापला की आधी कदंब आणि कर्नाटकच्या बस थांबतात. बस थांबली म्हणजे पुढच्या चोवीस तासांत ट्रकवाले बिचकणार. बसकडे लक्ष ठेवा, बातमीपेक्षा ती आधी कळते.

रस्ते तीन. चोर्ला जवळचा. तो अडला तर अनमोड, पण पावसाळ्यात दरड आणि अवजड वाहनांवर बंदी यांची टांगती तलवार. तिसरा कोल्हापूरहून आंबोली-सावंतवाडी-बांदा-पत्रादेवी. लांब पडतो, पण महाराष्ट्रातून येतो, कर्नाटकातल्या बंदचा त्याला त्रास नाही. शहाणं स्वयंपाकघर कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडे आठवड्याला एक छोटी ऑर्डर कायम चालू ठेवतं. दर दोन रुपये जास्त पडतो, पण बंदच्या दिवशी अनोळखी गिऱ्हाइकाला कोणी माल देत नाही.

साठा किती? कांदा, बटाटा, लसूण, आलं, नारळ दहा दिवसांचे. कोबी, गाजर, भोपळा चार दिवसांचे. टोमॅटो तीन. कोथिंबीर आणि पालेभाजी रोजचीच, तिथे मेनू बदलण्याला पर्याय नाही. दूध पावडरचा एक डबा आणि टेट्रापॅकचा एक खोका पडून असावा. सकाळचा चहा चुकला तर पाहुणा सीमाप्रश्न समजून घेत नाही.

मासळीही तशीच. २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याचं प्रकरण झालं, बाहेरची मासळी रोखली गेली. खात्री देण्यासारखी स्थानिक ताजी मासळी दाखवू शकला तोच टिकला.

फटकळ

आता कामाचं बोलताय. एक विचारतो. देशी पाहुणा म्हणजे पक्का, असं धरून चाललेत सगळे. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, मलेशियाने १ डिसेंबरपासून. दिल्लीच्या पोराला डिसेंबरात गोव्याचं तिकीट आणि फुकेतचं तिकीट यात फार फरक दिसत नसेल तर तो इकडे कशाला येईल? आणि मालदीवचं बघा. जानेवारी २०२४ मध्ये भारताशी वाद झाला आणि २०२३ मध्ये दोन लाखांवर गेलेले भारतीय २०२४ मध्ये एक लाख तीस हजारांच्या आसपास आले. एका वादात पहिला नंबर गेला!

हिशेबनीस

फटकळबाब, मालदीवचं उदाहरण नेमकं आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग असा की चिनी पाहुणा वाढला आणि एकूण संख्या पडली नाही. पडले ते भारतीयांवरच बेतलेले लोक, शाकाहारी पॅकेजवाले. बाजार वाचला, त्यातला एक कप्पा गेला. इथे ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर तसंच झालं. इस्रायलमध्ये राखीव सैनिकांना बोलावणं आलं, आणि हणजुणे-हरमलला येणारा त्यांचा वर्ग बरोबर त्याच वयाचा. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर. गोव्याच्या एकूण आकड्यात ते दिसलंही नाही. हिब्रूत मेनू छापलेल्या दुकानाला दिसलं.

म्हणून डोकी मोजू नका. आपल्या वहीत चार रकाने करा: पाहुणा कुठला, कशातून आला, किती रात्री, पैसे कोणत्या दिवशी हातात आले. दर महिन्याला बेरीज. कुठलाही एक देश किंवा एक बुकिंग कंपनी एकूण खोली-रात्रींच्या एक तृतीयांशाच्या वर गेली की ती कितीही चांगली वाटली तरी दार थोडं ओढून घ्यायचं.

शेवटच्या रकान्यात देशी पाहुणा वरचढ ठरतो हेही लिहून ठेवतो. चार्टर ऑपरेटर पाहुणा गेल्यावर ३० ते ४५ दिवसांनी पैसे देतो. देशी पाहुणा यूपीआयने तिथल्या तिथे. कमी दराची खोली कधी कधी जास्त दराच्या खोलीपेक्षा बरी, कारण व्याज.

कलम_आणि_पोट_कलम

विमा आणि करार यावर इथे कोणी लिहिलं नाही, आणि पैसा तिथेच अडकतो.

पहिलं. हॉटेलची आगीची पॉलिसी असते त्यात दंगल, संप, खोडसाळ नुकसान बहुधा येतं. दहशतवाद त्यात आहे की वेगळा घ्यावा लागतो ते बघा. पण हे सगळं इमारतीचं नुकसान. 'धंदा बुडाला' याची पॉलिसी वेगळी, आणि तीही साधारणपणे मालमत्तेचं नुकसान झालं असेल तरच चालते. दिल्लीत गडबड झाली, गोव्यातली ४० बुकिंग रद्द झाली, काच एक फुटली नाही: भरपाई शून्य.

दुसरं. परक्या सरकारची प्रवास-सूचना. ब्रिटिश सरकारने एखाद्या भागात 'जाऊ नका' म्हटलं की तिथल्या बहुतेक प्रवास-विमा पॉलिसी लागू राहत नाहीत. तेव्हा सूचना नेमकी कुठल्या भागाला आहे ते वाचून पाहुण्याला लेखी कळवा. 'सब ठीक है' हा निरोप उपयोगाचा नाही. 'सूचना अमुक सीमाभागापुरती आहे, गोव्याला लागू नाही, आजची तारीख अमुक' असा हवा.

तिसरं. आकाश. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली ती भारतीय विमानांना. परदेशी कंपनीचं चार्टर त्यात येत नाही. उलट २३ जून २०२५ ला कतारने काही तास हद्द बंद केली तेव्हा दोहामार्गे येणारा युरोपियन पाहुणा लटकला. म्हणून बुकिंग घेताना 'कुठून' इतकंच 'कुठल्या मार्गे' विचारा.

चौथं. रद्द करायची अट दोन प्रकारची ठेवा. पाहुण्याने मन बदललं तर नेहमीची. उड्डाणच रद्द झालं तर पैसे परत करण्याऐवजी १२ महिन्यांत वापरायची क्रेडिट नोट, तीही त्याच्या संमतीने. हे बुकिंगच्या वेळी लिहिलेलं हवं. नंतर सांगितलं की ती अट राहत नाही, विनंती होते.

पाचवं, घरचं राजकारण. विधानसभेचं मतदान २०१२ मध्ये ३ मार्चला, २०१७ मध्ये ४ फेब्रुवारीला, २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीला झालं. पुढचं २०२७ च्या सुरुवातीला येतं. म्हणजे दर पाच वर्षांनी लग्नांच्या आणि पार्ट्यांच्या ऐन मोसमात. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूबंदी, मतमोजणीच्या दिवशी पुन्हा. २०२२ ला व्हॅलेंटाइन डेलाच मतदान होतं! त्या काळात लाउडस्पीकरची परवानगी आचारसंहितेतून जाते. जानेवारी-फेब्रुवारी २०२७ ची लग्नं घेताना करारात 'दारूबंदी लागू झाल्यास' हे कलम आत्ताच घाला. वधूपक्ष तारीख बदलणार नाही, निवडणूक आयोग तर मुळीच नाही.

माडाखाली

कलमबाब, जीएसटीचंही घाला ना. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचे ७,५०० पर्यंत ५ टक्के, पण भरलेल्या कराची वजावट नाही. त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली पाहुण्याला ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शनिवारी दर वाढवताना शंभर रुपयांसाठी पाहुण्याच्या खिशातून हजारावर जास्त जातात. बुकिंग कंपनीचं सॉफ्टवेअर आपोआप दर चढवत असेल तर वरची मर्यादा ७,५०० ला बांधा, नाहीतर सरळ ९,००० च्या वर न्या. मधला पट्टा मेलेला.

कलम_आणि_पोट_कलम

बरोबर. वजावट नसल्याने धोबी, दुरुस्ती, कमिशन यांवरचा जीएसटी आता खर्चात धरा. जुन्या तक्त्यावर दर काढणारे इथे फसतात.

नवीन_पेडणेकर

घरातल्या दोन खोल्या देतो आहोत, हरमलला. यंदा कझाकस्तानहून विचारणा आली आहे. पाहुणा डॉलर रोख देतो म्हणतो. घ्यावेत का? आणि फॉर्म सी, म्हणजे विदेशी पाहुण्याची सरकारी नोंद, दोन खोल्यांना पण लागते?

स्लॉट_आणि_सीट

डॉलर घेऊ नका, परकीय चलन बदलायचा परवाना तुमच्याकडे नाही. त्याला अधिकृत मनी चेंजरकडे पाठवा, पावती त्याने जपून ठेवावी, तुम्ही रुपये घ्या. क्रिप्टोचं विचारलं तर सरळ नाही म्हणा. विदेशी पाहुण्याची नोंद एका खोलीलाही लागते. पाहुणा आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरायची. पासपोर्टच्या फोटोच्या पानासोबत व्हिसाचं आणि प्रवेशाच्या शिक्क्याचं पान पण काढून ठेवा, बहुतेकांचं तिथेच अडतं. आणि त्याआधी पर्यटन खात्याकडे नोंदणी झाली आहे का बघा, १९८२ चा कायदा आहे तो.

नवीन_पेडणेकर

नोंदणी वडिलांच्या नावावर आहे, बुकिंग माझ्या खात्यावर. चालेल?

कलम_आणि_पोट_कलम

नाव जुळवून घ्या, पाहुणा यायच्या आधी. बँक, पॅन आणि नोंदणी तिन्ही एकाच नावावर. बुकिंग कंपनी टीडीएस पॅनवर कापते. तो तुमच्या नावावर जमा झाला आणि धंदा वडिलांचा दाखवलात की दोघांनाही नोटीस येऊ शकते.